चावत तर नाही ना, मॅडम?

किस्से गोचिडीसारखे असतात. जनावराच्या अंगावरून एक काढावी तर कानामागे दुसरी सापडते, आणि ती काढेपर्यंत शेपटीखाली चार. म्हणून मैत्रिणी जमल्या आणि कोणी म्हणालं, “सांग ना तुझ्या दवाखान्यातलं काही,” की मी आधीच विचारून घेते, वेळ आहे ना?

मी चंद्रपूरची. बरीच वर्षं मुलचेऱ्याच्या बाजूला जनावरांची डॉक्टर आहे. मैत्रिणींना माझ्याकडून वाघ हवा असतो. माझ्याकडे वाघ फार नाहीत. माझ्याकडे बैल आहेत, शेळ्या आहेत, आणि हल्ली नव्यानं कुत्रा आणलेले आईबाप आहेत. खरं सांगते, मला धास्ती वाटते ती या आईबापांची.

घरात लेकरू चालायला लागलं की कुत्रा आणायचा, अशी एक टूमच निघाली आहे. आणायला हरकत नाही. पण आणतात कसा? पिशवीतून भाजी आणावी तसा. दारातून आत आला की लेकराच्या अंगावर सोडतात, आणि आठ दिवसांनी दोरी धरून माझ्यासमोर उभे राहतात. “चावत तर नाही ना, मॅडम?” जणू मी त्याच्या कपाळावर शिक्का मारून देणार आहे. आमचं लेकरू कुत्र्याशी कसं वागतं, हे इतक्या वर्षांत मला एकानंही विचारलेलं नाही.

दवाखान्यात माझ्यासोबत मडावीभाऊ असतात. परिचर आहेत, माझ्याहून बरेच मोठे. मारका बैल त्यांच्या नुसत्या आवाजानं थांबतो. दिवसातून मोजकीच वाक्यं बोलतात, त्यातली निम्मी बैलाशी. उरलेल्यांपैकी काही मी इथं सांगणार आहे.

* * *

एक तरुण ठेकेदार मे महिन्यात हस्की घेऊन आला. आमच्याकडचा मे म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी दुपारी दोन वाजता चंद्रपूरच्या बसस्टँडवर दहा मिनिटं उभं राहून पाहावं. आणि हा कुत्रा निळ्या डोळ्यांचा, दाट केसांचा, बर्फात गाडी ओढणाऱ्या जातीचा. मुलाच्या तिसऱ्या वाढदिवसाला म्हणून नागपूरहून आणला होता.

तक्रार अशी, की कुत्रा मुलावर गुरगुरतो. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. घरात कूलर एकच. त्याच्यासमोर मुलाची सतरंजी, मुलाची खेळणी. कुत्रा येऊन तिथंच पसरायचा, कारण जगायचं तर त्याला दुसरी जागाच नव्हती. मग मुलगा शेपूट धरून ओढायचा. तेवढ्यानं हलला नाही की हे साहेब त्याला स्लॅबवर नेऊन बांधायचे. दुपारी. उन्हात. शिक्षा म्हणून.

त्या बिचाऱ्याला मी तपासलं तेव्हा अंग तव्यासारखं तापलं होतं. जीभ बाहेर, डोळे लाल. मडावीभाऊंनी पाण्याच्या बादल्या आणल्या, पंखा लावला, पोती भिजवली. हे सगळं चालू असताना मी त्या माणसाला पाऊण तास बोलले. जात पाहून आणायची नाही, लेकराला शेपूट सोड म्हणायचं नाही, आणि वरून त्या मुक्या जिवाला उन्हात बांधायचं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला विचारलं, “ते ठीक आहे मॅडम, पण हा जातीनंच रागीट आहे का?”

मडावीभाऊ कुत्र्याच्या पोटाखाली ओलं पोतं सरकवत होते. मान वर न करता म्हणाले, “साहेब, मे महिन्यात मीबी गुरगुरतो.”

कुत्रा वाचला. पुढच्या आठवड्यात ठेकेदारानं मुलासाठी नवा कूलर घेतला. जुन्यासमोरून कुत्रा काही उठला नाही.

* * *

दुसरा बाप आला तो मोबाईल हातात घेऊनच. दोन वर्षांच्या मुलीच्या गालाला दात लागले होते. तिला डॉक्टरांकडे नेऊन इंजेक्शन, मलमपट्टी सगळं झालं होतं, आणि आता कुत्र्याचं काय करायचं ते विचारायला तो, त्याची आई आणि ते लॅब्राडोर असे तिघं आले होते. कुत्रा घरात येऊन चारच दिवस झालेले.

तो म्हणाला, काही कारण नसताना चावला. माझ्याकडे पुरावा आहे. आणि त्यानं व्हिडिओ दाखवला.

व्हिडिओत मुलीला कुत्र्याच्या पाठीवर बसवलेलं होतं, घोड्यावर बसवतात तसं. मागं गाणं लावलेलं. मुलगी दोन्ही मुठींत त्याचे कान धरून होती. मी म्हटलं, गाणं बंद करा आणि आता मुलीकडे पाहूच नका, फक्त कुत्र्याकडे पाहा. मग मी एकेक ठिकाणी व्हिडिओ थांबवून दाखवत गेले. इथं त्यानं तोंड फिरवलं. इथं ओठ चाटले, समोर खायला काही नसताना. इथं शेपूट पोटाखाली घेतली. इथं डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो. इथं जांभई दिली, ती झोपेची नाही. इथं बसून घेतलं, तर तुम्ही ओढून उभं केलं. इथं गुरगुरला, तर तुमच्या हसण्याचा आवाज आहे. “सात वेळा तो नाही म्हणाला,” मी म्हटलं. “आठव्या वेळी त्यानं दात लावले. अजून कसं सांगायचं होतं त्यानं? अर्ज करून?”

बापाचा चेहरा उतरला. म्हणाला, मॅडम, खरंच लक्षात आलं नाही. कोणाच्याच लक्षात आलं नाही.

त्याची आई इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, “माह्या आलं होतं. म्या म्हटलंबी होतं, उतरव पोरीले, कुत्रं भेलं हाये. तर मले म्हणे, आई, तू मधात येऊन राह्यली, बाजूले हो.”

तो व्हिडिओ त्यानं माझ्यासमोर पुसून टाकला. पुढं लसीला कुत्र्याला घेऊन यायची ती आजीच.

* * *

आमच्या भागात बंगाली लोकांची गावं आहेत. दोन-तीन पिढ्यांपासून इथं आहेत, भात पिकवतात, मासे पाळतात. त्यातल्या एका गावची बाई पिल्लू घेऊन आली. पिल्लाचा कान फाटला होता. सोबत तिचा सहा वर्षांचा मुलगा, तोंड घट्ट मिटून. ती म्हणाली, शेजारच्या मोठ्या कुत्र्यानं चावलं.

मी जखम धुतली आणि हात थांबला. कुत्र्याचा दात असा लागत नाही. तो खोल जातो, भोक पाडतो. इथं कानाच्या दोन्ही बाजूंना दोन छोट्या अर्धगोल रांगा होत्या, आणि वरच्या रांगेत मधोमध जागा रिकामी. मी मुलाकडे पाहिलं आणि म्हटलं, जरा तोंड उघड बाळा.

वरचा एक दात पडलेला होता. अगदी मधला.

मी विचारलं, का रे चावलास? तो आमच्याकडच्या मिसळ भाषेत म्हणाला, “इसने मेरा माछ खाया. मैंने बोला, नको खाऊ. फिर भी खाया.”

आता बघा. आईला विचारलं तेव्हा कळलं, या घरात दोघांना रोज एका ताटात वाढायचे. आपसांत प्रेम वाढावं म्हणून. शेजारीपाजारी बघायला यायचे, कौतुक करायचे. एका ताटात दोन भावांचं जमत नाही, इथं एक लेकरू आणि एक पिल्लू, आणि मधे माशाचा तुकडा! पिल्लानं त्याला चावा घेतला असता, तर तीच बाई माझ्याकडे येऊन म्हणाली असती की कुत्रा वाईट निघाला. मी तिला हे सगळं सांगितलं. जेवताना दोघांना दोन खोल्यांत ठेवायचं, मुलाचं होईपर्यंत पिल्लू बाहेर, पिल्लाचं होईपर्यंत मुलगा बाहेर, असं दोनदा बजावलं. तिनं मान डोलावली, आणि मग हळूच विचारलं की इंजेक्शन नेमकं कोणाला द्यायचं आहे.

* * *

हा किस्सा दवाखान्यातला नाही, चंद्रपूरचा आहे, माझ्याच माहेरचा. लहानसा आहे, पण आठवला की अजून डोकं तापतं.

माझ्या भावाचा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा. जेवायला कुरकुर करायचा. म्हणून घरातली सगळी, माझी आईसुद्धा, त्याला म्हणायची, जेव, नाही तर कुत्रं येईल आणि खाऊन टाकेल. सकाळ-संध्याकाळ हेच. सहा महिने. मग तो रस्त्यावरचं कुत्रं दिसलं तरी किंचाळायला लागला, तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं की भीती घालवायला घरात एक कुत्रं आणावं. मला विचारलं नाही. मी डॉक्टर जनावरांची, घरच्यांची थोडीच!

मी गेले त्याच दिवशी कुत्रं आलं होतं. चांगलं मोठं, गरीब स्वभावाचं. भावानं त्याला थेट स्वयंपाकघरात आणलं, मुलगा जेवायला बसला होता तिथं. मी नको नको म्हणेपर्यंत आणलंच.

मुलगा किंचाळला नाही. त्यानं आपलं ताट दोन्ही हातांनी कुत्र्यासमोर सरकवलं आणि तोंडात होता तो घास लगालगा गिळून म्हणाला, “मी जेवलो. पाहा, मी जेवलो.”

स्वयंपाकघरात कोणी हसलं नाही. मी त्याला उचलून बाहेर घेऊन गेले. नंतर भावाला जे बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. त्या मुलाला कुत्र्याच्या शेजारी बसायला पुढं चार महिने लागले. आधी खिडकीतून पाहायचं, मग अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बसायचं, मग मी गेले की माझ्या हातून भाकरीचा तुकडा टाकायचा. एक वाक्य सहा महिने बोललं की ते फेडायला चार महिने लागतात, हे आईला अजून पटलेलं नाही. ती म्हणते, पण जेवायला तर लागला ना.

* * *

जंगलाला लागून असलेल्या एका गावात एक शिक्षक जोडपं राहायचं. चांगली माणसं. पाच आणि तीन वर्षांच्या दोन मुली. मुलींसाठी त्यांनी गावठी पिल्लू आणलं, मला दाखवून नेलं, लस टोचली, सगळं रीतसर केलं. मला वाटलं, चला, एक तरी घर शहाणं निघालं.

महिन्याभरानं बाई औषधाला आल्या तेव्हा सहज म्हणाल्या, कुत्रा आता बाहेर पायरीशी बांधतो. मुलींच्या अंथरुणात शिरतो, घरात केस होतात. आणि बिबट्या फिरून राहिला आहे गावाभोवती, तर कुत्रा भुंकला म्हणजे आपल्याला कळतं तरी.

बिबट्याला कुत्र्यासारखं आवडतं खाणं दुसरं नाही, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. आणि ते पायरीशी बांधायचं! ज्या पायरीवर सकाळी उठून मुली दात घासायला बसतात तिथं! मी बोलायला तोंड उघडलं, पण माझ्याआधी मडावीभाऊ बोलले. ते जंगलातल्याच गावचे, त्यामुळं त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला.

“बाई, तुमी त्याले आवतन देऊन पायरीवर ताट मांडून राह्यले. जेवायले आला म्हणजे तो फक्त ताटातलंच खाईन, असं कोनं सांगतलं तुमाले?”

त्या संध्याकाळपासून कुत्रा घरात आला. त्याच्यासाठी एका कोपऱ्यात पोतं, मुलींच्या अंथरुणापासून लांब, मधे लाकडी फळी. चौथ्या दिवशी सकाळी सरांचा मला फोन आला. रिकाम्या खुंट्याभोवती मातीत पावलं उमटली होती. खुंट्यापासून पहिल्या पायरीपर्यंत गेलेली, आणि तिथून परतलेली. सर मला ते सांगत होते आणि मागं दोन्ही मुली कुत्र्याला हाका मारत होत्या.

मला तेव्हा राग यायला हवा होता. आला नाही. मी फोन मडावीभाऊंच्या कानाला लावला.

* * *

आता दुसऱ्यांनाच किती बोलायचं? माझ्याही घरचं सांगते.

कोणीतरी अपघातात सापडलेली कुत्री दवाखान्यात आणून सोडली. पाय बरा झाला तरी न्यायला कोणी आलं नाही, म्हणून मी घरी नेली. मला दोन मुलं. मित्रा तेव्हा नऊ वर्षांची, आनंद चार. नवरा आश्रमशाळेत शिकवतो, आठवड्याला घरी येतो. मी म्हटलं, आपलं घर म्हणजे आदर्श घर. कुत्री आणायच्या आधीच मुलांना बसवून सगळं समजावलं. मोठ्या कागदावर नियम लिहून फ्रीजला चिकटवले. ती खाताना जवळ जायचं नाही. ती झोपली असेल तर उठवायचं नाही. खाटेखाली तिची जागा आहे, तिथं कोणीही शिरायचं नाही. ती गुरगुरली तर ती वाईट नाही, ती सांगते आहे, मागं सरकायचं. आणि मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय आनंदनं तिच्यापाशी जायचं नाही.

दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवशी मी दमून घरी आले आणि तेवढ्यात एका गावातून फोन आला. गाय अडली होती. मी फोनवर बोलत मागच्या अंगणात गेले. आनंद घरात, कुत्री घरात, आणि मी, जी जगाला सांगत फिरते, ती बाहेर!

गुरगुर ऐकून धावत आले तर आनंदचे फक्त पाय खाटेबाहेर दिसत होते. बिस्कीट द्यायला तो आत शिरला होता. मी त्याचे पाय धरून त्याला ओढलं आणि कुत्रीवर ओरडले. हाड म्हणाले तिला. पायातली चप्पलही हातात घेतली. ती बिचारी भिंतीला चिकटून थरथरत होती. तिनं दातसुद्धा लावला नव्हता.

मित्रा अभ्यास करत होती. ती उठून आली, माझ्या हातातल्या चपलेकडे पाहिलं आणि म्हणाली, “मम्मी, तिनं तर फक्त सांगितलं ना. तूच म्हटलं होतं.” मी चप्पल खाली टाकली, आनंदला जवळ घेतलं आणि भिंतीला टेकून बसले. कुत्री खाटेखालून बाहेर यायला अर्धा तास लागला. तोवर मी तशीच बसून होते, हाक मारायची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी पाणी घ्यायला फ्रीजकडे गेले. कागदावर सगळ्या नियमांच्या खाली पेन्सिलनं एक ओळ वाढली होती. “हे मम्मीसाठी पण आहे.”

* * *

हा शेवटचा, नंतर उठू आपण.

एक गृहस्थ कुत्रा घेऊन आले. वय चाळिशीच्या आत, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी हळू. डाव्या हातात दोरी आणि उजव्या मनगटाला रुमाल गुंडाळलेला. म्हणाले, दीड महिना झाला आणून, पण कुत्रा धोक्याचा निघाला. घरात सात वर्षांची मुलगी आहे. उद्या तिला काही झालं तर? तुम्ही याला सुई देऊन टाका, म्हणजे प्रश्न मिटला. मी विचारलं, मुलीला चावला का? म्हणाले, चावला नाही, पण अंगावर येतो. आणि हाताला काय झालं? तारेच्या कुंपणाचं लागलं, म्हणाले.

कुत्रा शांत उभा होता. मडावीभाऊंनी त्याच्या तोंडाशी हात नेला, कान उलटून पाहिले, त्यानं सगळं करू दिलं. मी म्हटलं, मुलीला पाहिल्याशिवाय मी काहीच करू शकत नाही. ती शाळेत असेल, ते म्हणाले. मडावीभाऊ म्हणाले, आज शाळेला सुट्टी आहे.

घर गावातच होतं. ते मोटारसायकलवरून मुलीला घेऊन आले. ती उतरली, कुत्र्यापाशी गेली आणि त्याच्या बाजूला खाली बसली. समोर नाही, बाजूला, मी सगळ्यांना घसा कोरडा करून सांगते तशी. कुत्र्यानं हनुवटी तिच्या पायावर ठेवली.

मी तिचे हात पाहिले, पाय पाहिले. दाताची खूण कुठंच नव्हती. नडगीवर दुसऱ्या खुणा होत्या. लांब, सरळ. एक पिवळी पडलेली, दोन ताज्या.

मी तिला विचारलं, काय झालं गं? तिनं बापाकडे पाहिलं.

तेव्हा मडावीभाऊंनी बापाचा रुमाल सोडला. मनगटावर चार दात उमटले होते. ते म्हणाले, ही तार नाही, हे साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवावं लागते, चला, मी हापसतो. आणि त्यांना मागच्या हापशीवर घेऊन गेले. हापशीचा आवाज येत राहिला. मडावीभाऊ एकदाही थांबले नाहीत.

मुलीनं तो आवाज थोडा वेळ ऐकला. मग कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवून मला म्हणाली, “पाढा चुकला का बाबा काडी घेते. हा मधात येते.”

हापशीवर जाऊन त्या माणसाची सगळ्या गावासमोर शोभा करावी, असं मनात आलं. पण मी ओरडले असते, तर माझा प्रत्येक शब्द घरी जाऊन त्या नडगीवर उमटला असता. म्हणून ते ओले हात घेऊन आले तेव्हा मी एवढंच सांगितलं, की कुत्रा चावला आहे, तुम्ही आजच्या आज दवाखान्यात जाऊन इंजेक्शनं सुरू करा. आणि असा चावलेला कुत्रा मारून चालत नाही. दहा दिवस तो जिवंत आणि डॉक्टरच्या नजरेखाली असावा लागतो. रोज सकाळी इथं आणायचा. सोबत मुलीलाही आणायचं. ती त्याच्याजवळ असते, तिलाही मी रोज पाहणार.

जिवाची भीती होती. ते हो म्हणाले.

त्याच दिवशी मी तिच्या शाळेतल्या बाईंना त्यांच्या घरी जाऊन भेटले, जे पाहिलं ते सांगितलं. त्यांनी मुलीच्या आईला बोलावून घेतलं आणि दर दोन-तीन दिवसांनी पाढ्यांच्या निमित्तानं स्वतः त्या घरी जायला लागल्या.

रोज सकाळी ते तिघं यायचे. मी आधी कुत्र्याला पाहायची, मग मुलीला. मडावीभाऊ दोघांचंही रजिस्टरमध्ये लिहायचे. कुत्र्याच्या पुढं ‘ठीक’, मुलीच्या पुढं ‘ठीक’. चौथ्या दिवशी बापानं विचारलं, मुलीचे पाय कशाला पाहता? मी म्हटलं, घरात नवं कुत्रं आलं की लेकराच्या अंगावर खुणा आहेत का ते पाहावंच लागतं, मग त्या कोणाच्याही असोत. त्यांनी मान खाली घातली. पुन्हा विचारलं नाही. नडगीवरच्या खुणा पिवळ्या पडल्या, मग पुसट झाल्या. नवी एकही आली नाही. दहाव्या दिवशी मी कुत्रा ठणठणीत असल्याचं सांगितलं आणि त्यांनी दोरी मुलीच्या हातात दिली.

अकराव्या दिवशी मी दवाखाना उघडायला आले, तर मुलगी आणि कुत्रा ओट्यावर बसलेले. दोघंच. मी म्हटलं, अगं, झाले की दहा दिवस. आता यायचं काम नाही.

ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, अजून दहा दिवस लिहा ना.”

मडावीभाऊंनी आत जाऊन रजिस्टर आणलं आणि नवं पान उघडून माझ्यासमोर धरलं.